पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर

लग्नपत्रिका हा आपल्याकडे सर्वांत जास्त छापला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर असावा. कुलदैवतापासून सुरुवात होते, मग स्वर्गवासी आजोबा-पणजोबा येतात, मग काका, मामा, आत्या आणि त्यांची यजमानमंडळी. घरातल्या चिमुकल्यांच्या नावे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ असं आर्जवही असतं. शेवटी मुहूर्त आणि स्थळ. एवढ्या गर्दीत एका गोष्टीला मात्र जागा सापडत नाही. दोन रात्रींचा प्रवास करून जो पाहुणा आदल्या दिवशी येणार आणि दुसऱ्या दिवशी जाणार, त्याने दोन जेवणांच्या मधल्या वेळात करायचं काय? जेवायचं कुठे, जायचं कुठे, पाहायचं काय? पत्रिकेची पाठ बहुतेक कोरीच असते. तिथे चार ओळी सहज मावतील.

हा विचार डोक्यात घोळू लागला तो दवनीवाड्याला एका लग्नाला जाऊन आल्यापासून. दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं गाव. चहूकडे धानाची बांध्या-बांध्यांची शेतं, वैनगंगा फार दूर नाही आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. आता इथे पोलीस ठाणं आहे, शाळा आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत. बँकेच्या नोकरीत तरुणपणी मी या भागात काही वर्षं काढली. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी छोटी गाडी तेव्हा धावत होती. तिच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पळसाची पानं लागत. ती गाडी गेली, रूळ रुंद झाले, पण त्या वेळी जोडलेली माणसं टिकली. त्यांतल्याच एका शेतकरी खातेदाराच्या नातीचं हे लग्न होतं.

नवरदेवाकडची मंडळी पश्चिम महाराष्ट्रातली. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जवळपास सगळा महाराष्ट्र ओलांडून गोंदियाला येऊन थांबते. त्या गाडीत एक अख्खा दिवस आणि रात्र काढून वऱ्हाड उतरलं होतं. जानवसा गावातल्या शाळेत. गाद्या होत्या, कूलर होते, थंड पाण्याचे जार होते. यजमानांनी कशातही उणं ठेवलं नव्हतं. आणि तरी दुपारी चार वाजता मी तिथे डोकावलो तेव्हा पन्नासेक माणसं कूलरसमोर आडवी पडून मोबाइल पाहत होती. एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘इथं जवळपास काही बघण्यासारखं आहे का हो?’’ मी तो प्रश्न यजमानांपर्यंत पोचवला. ते संकोचून हसले. ‘‘साहेब, आमच्या इथं का आहे जी पाहासारखं?’’

मला खटकलं ते हे वाक्य. असं वाक्य एकट्या दवनीवाड्यात ऐकू येतं असं नाही. लातूरच्या, बुलढाण्याच्या, सिंधुदुर्गातल्या आडगावच्या माणसालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. आपल्या गावाबद्दलचा हा संकोच म्हणजे विनय आहे अशी आपली समजूत असते. मला तो विनय वाटत नाही. पाहण्यासारखं जे काही असतं ते दुसरीकडे, मोठ्या शहरात, तिकीट लावून असतं, असं आपण स्वतःला शिकवलं आहे; हा संकोच त्यातून आलेला आहे.

त्या संध्याकाळच्या जेवणात त्याचा पुरावाच मिळाला. पनीरच्या दोन भाज्या, मंचुरियन, नूडल्सचा वेगळा काउंटर, पाणीपुरी, आणि भात म्हणून लांब दाण्याचा, बाहेरून मागवलेला बासमती. ज्या जिल्ह्यात धानाशिवाय दुसरं पीक डोळ्यांना दिसत नाही, ज्या शहराची ओळखच तांदळाच्या गिरण्यांनी झाली, तिथे पाहुण्यांसाठी तांदूळ बाहेरून आणला होता. बारीक दाण्याचा घरचा तांदूळ कोठीत होता; तो घरच्या माणसांसाठी. पूर्व विदर्भातला ‘एचएमटी’ तांदूळ आज देशभर माहीत आहे. तो निवडून काढला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकऱ्याने. 2018 साली ते गेले. नदीपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा तांदळाच्या देशात येऊन कोल्हापूरची मंडळी बासमती खाऊन परत गेली.

मग त्यांनी खायला हवं होतं काय? या भागाला झाडीपट्टी म्हणतात, आणि झाडीपट्टीचं जेवण हॉटेलांच्या पाट्यांवर फारसं सापडत नाही. ते घरात असतं. नव्या तांदळाचा मऊ भात आणि त्यावर घट्ट वरण. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार आयते. लाखोरीची डाळ, धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोरी फेकतात आणि ती जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाढते. पाटवडीचा रस्सा, जवसाची चटणी, वर सांबार. आता इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पश्चिमेकडच्या पाहुण्यांना आधी सांगावं लागतं, नाहीतर ते इडली शोधू लागतात. पावसाळ्यात जंगलातल्या सात्या म्हणजे अळंबी, आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची, वास्त्यांची भाजी. उन्हाळ्यात टेंभरं, चारोळी, आणि मोहफुलं घालून केलेल्या गोड पुऱ्या. मांसाहारी मंडळींसाठी तलावातली मासळी आणि झिंगे. यांतलं निम्मं जरी पानात पडलं असतं तरी पाहुणा वर्षभर त्याची आठवण सांगत राहिला असता. पनीरची आठवण कोणी सांगत नाही.

यावर यजमानांची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. ‘‘साधं जेवण दिलं तर लोक नावं ठेवतील. मुलीकडच्यांनी हात आखडला म्हणतील.’’ ही भीती किती खरी असते हे बँकेच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला नीट कळतं. किसान क्रेडिट कार्ड 1998 साली आलं. पुढे त्याच्या सुधारित नियमांत पीककर्जाच्या दहा टक्क्यांएवढी रक्कम घरखर्चासाठी आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी धरली गेली. त्या दहा टक्क्यांत लग्न बसत नाही. मग उरलेल्या नव्वद टक्क्यांतून ते बसवलं जातं, आणि खताच्या दिवसांत शेतकरी सावकाराच्या ओट्यावर दिसतो. थकलेल्या खात्यांच्या याद्या घेऊन मी गावोगाव फिरलो आहे. ‘पाऊस नाही’ आणि ‘आजारपण’ या दोन कारणांच्या पाठोपाठ तिसरं कारण हळू आवाजात यायचं, ‘‘पोरीचं लग्न होतं जी.’’ म्हणून मंचुरियनच्या काउंटरकडे मी केवळ चवीच्या तक्रारीने पाहू शकत नाही. तो पैसा गावाबाहेरच्या केटररकडे, त्याच्याकडून शहरातल्या घाऊक बाजारात जातो, आणि गावात मागे राहतो तो फक्त हप्ता.

तेव्हा माझी सूचना लग्नाचं मुख्य जेवण बदलण्याची नाही. त्या जेवणाला समाजाचे डोळे लागलेले असतात; तिथे एकट्या बापाला शूर व्हायला सांगणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. पण आदल्या रात्रीचं जेवण आणि दोन सकाळचे नाश्ते यांच्यावर कोणाचाच डोळा नसतो. ती जेवणं गावातल्या महिला बचत गटाला द्यावीत. आयते, वरण-भात, भाजी, चटणी. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आजही मिळतात. पन्नास पाहुण्यांच्या तीन वेळच्या स्वयंपाकाचे पैसे गावातल्या दहा घरांत राहतील, आणि पाहुण्याला वाटेल की आपण कुठेतरी आलो.

आता राहिला तो ‘बघण्यासारखं काय’ हा प्रश्न. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी काय छापलं असतं ते सांगतो. दवनीवाड्याला किंवा गोंदियाच्या आसपास ज्यांच्याकडे कार्य असेल त्यांनी ते खुशाल उचलावं.

हाताशी एक सकाळच असेल तर सूर्योदयाआधी उठावं आणि तलावाकडे जावं. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. हजारोंनी तलाव आहेत, आणि त्यांतले बहुतेक ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ते कोहळी समाजाच्या हुशारीतून उभे राहिले. इंजिनीअर नव्हते, सिमेंट नव्हतं. उतार पाहून पाळ कुठे घालायची हे त्यांना कळत होतं. गोंदिया तालुक्यात परसवाडा, झिलमिली अशा तलावांवर नशीब असेल तर सारस दिसतो. माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा हा क्रौंच जातीचा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच कोणी नाही. महाराष्ट्रात त्याचं घर आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरलं आहे. दर उन्हाळ्यात त्याची मोजणी होते आणि संख्या पन्नाशीच्या आतच भरते.

लग्नाच्या पाहुण्यांना सारस दाखवायला हवा याला आणखी एक कारण आहे. नर-मादी जोडीने राहतात, वर्षानुवर्षं तीच जोडी, आणि दोघं मान वर करून एका सुरात साद घालतात. गुजरातेत काही भागांत नवविवाहित जोडप्याला सारसाची जोडी दाखवण्याची रीत आहे असं सांगतात. आपल्याकडे सारस आहे, पण ती रीत नाही. ती सुरू व्हायला काय हरकत आहे? मात्र अट एकच. जायचं ते आठ-दहा जणांनी, दूर थांबून, मुकाट्याने. वरातीच्या डीजेसह चाळीस गाड्या तलावाच्या पाळीवर गेल्या तर पुढच्या वर्षी दाखवायला सारस उरणार नाही. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटं करतो. ज्या शेतकऱ्याच्या शेतात ते असतं त्याचं थोडं धान तुडवलं जातं, तरी कितीतरी शेतकरी ते घरटं राखतात. पाहुण्यांना त्या शेतकऱ्याची ओळख करून द्यावी. ती आमदाराच्या ओळखीहून मोलाची आहे.

अर्धा दिवस असेल तर गोंदियाच्या वाटेवर नागऱ्याचं प्राचीन शिवमंदिर पाहावं. मग शहरात जावं. गोंदिया हे रेल्वेने घडवलेलं, विड्यांनी आणि तांदळाने वाढवलेलं गाव. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी अशा चार बोली एका चहाच्या टपरीवर ऐकू येतात. हॉटेलची पाटी वाचण्यापेक्षा गर्दी पाहावी. सकाळी पोह्यांवर तर्री ओतून देणारा गाडा, गरम समोसे आणि आलूबोंडे तळणारी कढई, आणि तिच्याभोवती उभे असलेले हमाल, कारकून, कॉलेजची मुलं. ज्या कढईभोवती रोजचे लोक उभे असतात तिथलं तेल जुनं होत नाही, हा माझा फिरतीच्या नोकरीतला साधा नियम आहे. तो गावोगाव उपयोगी पडला.

पूर्ण दिवस असेल तर ऋतू पाहून ठरवावं. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर नागझिरा. 1970 साली अभयारण्य झालेलं हे जंगल; व्यंकटेश माडगूळकरांनी त्याच्यावर पुस्तक लिहून त्याला मराठी घरांत पोचवलं. 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. दवनीवाड्याच्या बाजूने जाणाऱ्यांना तिरोड्याकडून चोरखमारा फाटक सोयीचं. मे महिन्यात पाणवठे मोजकेच उरतात आणि जनावर पाण्यावर येतं. वाहनांची संख्या ठरलेली असते, म्हणून परवाना आधी काढावा लागतो. ऐन वेळी ‘साहेबांची ओळख आहे’ म्हणून फाटकावर वाद घालणारी वऱ्हाडी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांनी लग्नघराची लाज काढू नये. वाघ दिसला नाही तरी रुसू नये. तिरोड्याजवळच बोदलकसा तलाव आहे. जंगलात जायला जमलं नाही तर त्याच्या काठावर संध्याकाळ छान जाते.

तुळशीच्या लग्नानंतरचा, थंडीतला मुहूर्त असेल तर मात्र नवेगावबांध. सात टेकड्यांच्या वेढ्यातला हा विस्तीर्ण तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला असं मानतात. लोकांनी पुढे त्यांना देव केलं, कोलासुर म्हणून पुजलं. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा समाज मला मंत्र्यांचे पुतळे उभारणाऱ्या समाजापेक्षा शहाणा वाटतो. थंडीत इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून त्यांनी हा तलाव मराठी साहित्यात आणला. 2025 साली ते गेले. तिथून पुढे इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1970 च्या दशकापासूनची. झाडीपट्टीच्या मध्यावर प्रार्थनेच्या पताका फडकताना दिसतात. आपला देश सोडून आलेल्या माणसांना या जिल्ह्याने घर दिलं, ही गोष्ट पाहुण्यांना सांगण्यासारखी नाही का?

थंडीत येणाऱ्यांना आणखी एक लाभ होऊ शकतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं केंद्र. उघड्या मैदानात, शेकडो माणसं थंडीत कांबळी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. पुण्या-मुंबईचा नाट्यरसिक तिसरी घंटा झाल्यावर मोबाइल बंद करतो. त्याने एकदा हे पाहावं.

सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा आणि कचारगडची गुहा ही दोन नावंही या चिठ्ठीत हवीत, पण खुलाशासह. हाजरा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत पाहावा. मे महिन्यात तिथे नेलंत तर पाहुणा कोरडा खडक पाहून येईल. आणि कचारगड हे सहलीचं ठिकाण नव्हे. गोंड समाजाचं ते मोठं श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक तिथे येतात. तिथे जायचं तर देवळात जातो तसं जावं.

परदेशातल्या लग्नांत दूरच्या पाहुण्यांसाठी हॉटेलच्या खोलीत एक पिशवी ठेवतात. न्यू जर्सीत भाच्याच्या लग्नाला गेलो तेव्हा ती माझ्याही वाट्याला आली. पाण्याची बाटली, थोडा खाऊ, आणि जवळपास कुठे खावं, कुठे फिरावं याची यादी. यादीत पिझ्झाची दुकानं सहा आणि एक मोठा बाजार. दाखवायला त्यांच्याकडे एवढंच होतं, तरी त्यांनी ते हौसेने दाखवलं. आपल्याकडे सारस आहे, तीनशे वर्षांचा तलाव आहे, वाघाचं जंगल आहे, आणि आपण म्हणतो, ‘का आहे जी पाहासारखं?’

काही जण म्हणतील, लग्नघरात आधीच बायकामाणसांची कंबर मोडलेली असते, त्यात ही नवी कामं कोणी करायची? प्रश्न रास्त आहे. हे काम यजमानांनी करूच नये. गावात कॉलेजात जाणारी मुलं-मुली असतात, ज्यांना लग्नात ‘पाणी वाढ’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. चिठ्ठी त्यांनी लिहावी, परवाने त्यांनी काढावेत, गावातली जीप त्यांनी ठरवावी, पाहुण्यांबरोबर त्यांनी जावं. जीपचं भाडं पाहुण्यांनी आनंदाने द्यावं. प्रत्येक गोष्टीचा भार मुलीच्या बापावर टाकणं आता पुरे झालं. आणि त्या मुलांनाही पाहुण्यांना सांगता सांगता आपलं गाव कळेल. आज त्यांतल्या अनेकांनी सारस मोबाइलवरच पाहिलेला असतो.

पाहुण्यांनाही एक सांगायचं आहे. आपण लग्नाला जातो म्हणजे आहेराचं पाकीट देऊन, फोटो काढून, गाडी पकडतो. ज्या घरात आपली मुलगी जाणार किंवा जिथून सून येणार, तो मुलूख पाहायची आपल्याला इच्छाच नसते. दवनीवाड्याची ती मुलगी आता कोल्हापूरला नांदते आहे. तिच्या सासरच्यांनी तिचा तलाव पाहिलेला नाही, तिच्या आईच्या हातचे आयते खाल्लेले नाहीत, ‘सांबार’ म्हणजे तिच्या भाषेत काय हे त्यांना ठाऊक नाही. उद्या ती स्वयंपाकघरात सांबार मागेल आणि सगळे हसतील. त्या हसण्यात तिचं माहेर थोडं लहान होईल. तलाव पाहिलेली, आयते खाल्लेली सासू कदाचित हसणार नाही. ती म्हणेल, ‘‘कोथिंबीर का गं? थांब, देते.’’

दोन घरांची सोयरीक जुळते म्हणजे दोन गावांचीही ओळख व्हायला हवी. पत्रिका छापायला टाकाल तेव्हा छापखानेवाल्याला एवढंच सांगा, की पाठही छाप.